प्रवासातले प्रश्न : नाताळचं गाणं चर्चमध्ये बसून ऐकायचंय

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत आम्ही दोघं मुलीकडे लंडनच्या दक्षिणेला, क्रॉयडनला जातोय. नात सहा वर्षांची आहे. नाताळचं गाणं एकदा तरी चर्चमध्ये बसून ऐकावं अशी माझी फार दिवसांची इच्छा. मोठ्या सभागृहांमधल्या कार्यक्रमांची तिकिटं सगळ्यांना मिळून महाग पडतात. चर्चमध्ये मात्र पैसे पडत नाहीत, असं मुलगी म्हणते. पण आम्ही हिंदू, तिथली रीत ठाऊक नाही. आत सोडतील का? कुठे जावं? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आत सोडतील, आणि दारात कुणी तुमचा धर्मही विचारणार नाही. आपल्याकडे देवळात कीर्तन चालू असलं की येणारा कोण, कुठला हे न विचारता सतरंजीवर जागा करून देतात, तसंच हे. गाणं तिथे उपासनेचा भाग असतं आणि उपासनेला तिकीट नसतं. ही एक गोष्ट मनात पक्की ठेवली की कसं वागायचं हा प्रश्न निम्मा सुटतो. तुम्ही स्वस्तातल्या मैफलीला जात नाही, दुसऱ्याच्या प्रार्थनेला पाहुणे म्हणून जाताय.

सेंट पॉल्स कॅथीड्रल किंवा वेस्टमिन्स्टर ॲबी ही लंडनची मोठी चर्च नुसती बघायला गेलात तर मोठ्या माणसाला २५ पौंडांच्या पुढे तिकीट आहे. त्याच वास्तूंमध्ये संध्याकाळच्या उपासनेला मात्र कुणीही मोफत जाऊन बसू शकतं. या गायल्या जाणाऱ्या सायंप्रार्थनेला ‘कोरल इव्हनसाँग’ म्हणतात. आठवड्यातले बहुतेक दिवस ती पाचच्या सुमारास असते, रविवारी थोडी लवकर. दाराशी झगा घातलेले सेवक असतात, त्यांना ‘इव्हनसाँगसाठी आलोय’ एवढं सांगा. वीस-पंचवीस मिनिटं आधी पोहोचा. मात्र तिकीट वाचवून इमारत बघण्याची युक्ती म्हणून कृपा करून जाऊ नका. त्या वेळात हिंडता येत नाही, फोटो काढता येत नाहीत, आणि तशा मनाने बसलेल्याला गाणंही ऐकू येत नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या दिवशी या दोन्ही ठिकाणी जाऊच नका. ईस्ट क्रॉयडनहून लंडन ब्रिजला थेट गाडी आहे आणि स्टेशनाबाहेर पडलं की साउथवर्क कॅथीड्रल लागूनच आहे. तिथे गर्दी कमी असते आणि एरवीसुद्धा प्रवेशाला पैसे नाहीत. मी तिथे बसले होते ती डिसेंबरची ओली संध्याकाळ होती, चार वाजताच अंधार पडलेला. शेजारच्या आजींनी माझ्या हातातल्या पुस्तिकेचं पान न बोलता उलटून दिलं आणि ओळीवर बोट ठेवलं. त्यानंतर दोन बाजूंना समोरासमोर उभ्या असलेल्या गायकांनी स्तोत्र सुरू केलं. एक ओळ या बाजूने, पुढची त्या बाजूने. बरेचसे शब्द एकाच सुरावर बोलल्यासारखे म्हणायचे आणि ओळीच्या शेवटी चार-पाच सुरांत वळण घेऊन थांबायचं. शाळेत संगीत शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, मुलांना एका सुरावर शब्द ठेवायला शिकवणं किती अवघड असतं ते मी जाणते. इथे वीस-पंचवीस जणांचा उच्चार एकाच वेळी सुटत होता आणि एकाच वेळी मिटत होता. बायबलातली दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत वाटून रोज म्हणायची, ही प्रार्थनापुस्तकातली जुनी योजना आहे. आजही पुष्कळ ठिकाणी त्याच क्रमाने किंवा त्यातला थोडा भाग गातात.

पाऊण तासाच्या या उपासनेत दोन गीतं रोज असतात, वर्षाचे बाराही महिने, आणि दोन्ही येशूच्या जन्मकथेतली. पहिलं मरियेचं. मूल पोटात असताना ती म्हणते की देवाने बलवंतांना आसनावरून खाली ओढलं आणि दीनांना उंच केलं. दुसरं म्हाताऱ्या शिमोनाचं. देवळात आणलेलं ते बाळ हातात घेऊन तो म्हणतो, आता मला शांतीने जाऊ दे, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शब्द तेच असतात, पण चारशे-साडेचारशे वर्षांतल्या रचनाकारांनी दिलेल्या त्याच्या चाली शेकड्यांनी आहेत आणि रोज वेगळी निवडतात. म्हणून एका संध्याकाळी समाधान मानू नका. मराठी बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय आधी वाचून जा. तेवढ्याने तिथल्या गाण्याचा निम्मा अर्थ तुमच्या ओळखीचा होईल.

आता तारखा नीट बघा, कारण आपल्याकडचे लोक इथेच फसतात. नाताळचं गाणं २५ डिसेंबरनंतर भरभरून ऐकू, असा बेत करू नका. इंग्लंडमध्ये कॅरलचे, म्हणजे नाताळगीतांचे, कार्यक्रम २५ च्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत होतात. बहुतेक कॅथीड्रलांचे गायक २५ तारखेच्या उपासना आटोपल्या की सुटीवर जातात. गाणारी मुलं आठ ते तेरा वर्षांची असतात, नाताळात सगळं जग घरी असताना ती कामावर असतात, त्यांनाही आईबापांकडे जायचं असतं. जानेवारीत त्यांची शाळा सुरू होईपर्यंत पाहुणे गायकवृंद येतात, किंवा प्रार्थना गाण्याविना नुसती म्हटली जाते. तेव्हा तुम्ही पोहोचलात की प्रवासाचा शीण जाण्याची फार वाट न बघता लगेच सुरुवात करा. कोणत्या दिवशी कुठे गायन आहे हे गावागावानुसार दाखवणारं ‘कोरलइव्हनसाँग डॉट ऑर्ग’ हे संकेतस्थळ आहे. मुलीला ते उघडून द्यायला सांगा.

नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या काळाला ‘ॲडव्हेंट’ म्हणतात. तो वाट बघण्याचा काळ आहे, आनंदाचा अजून नाही. म्हणून रोजच्या उपासनेतलं संगीत त्या दिवसांत काहीसं गंभीर असतं. कॅरलची वेगळी उपासना मात्र याच दिवसांत होते. तिचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे नऊ वाचनं आणि प्रत्येकानंतर गाणं. आदामापासून सुरुवात करून कथा येशूच्या जन्मापर्यंत येते. कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो गावी १८८० साली कॅथीड्रल बांधून व्हायचं होतं, तेव्हा लाकडी शेडमध्ये ती पहिल्यांदा झाली. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने १९१८ साली, महायुद्ध संपून दीड महिना होतो न होतो तोच, २४ डिसेंबरला ती सुरू केली. तिथल्या चर्चचे प्रमुख (डीन) एरिक मिल्नर-व्हाइट युद्धात सैन्याबरोबर धर्मगुरू म्हणून राहून आले होते. सुरुवातीच्या गीताच्या पहिल्या कडव्याला ऑर्गनची साथ नसते, एकटं मूल गातं, आणि ते कोणतं हे शेवटच्या क्षणी ठरवतात. १९२८ पासून हा कार्यक्रम बीबीसी रेडिओवर ऐकवला जातो. मध्ये फक्त १९३० साली खंड पडला. केंब्रिजला जागा मिळणं कठीण आहे आणि प्रवेशाची पद्धत अलीकडे बदलत राहिली आहे, म्हणून त्या एका दिवसावर सगळी भिस्त ठेवू नका. दुपारी तीनला मुलीच्या घरी रेडिओ लावा. नाशिकला राहिलेल्या नातेवाइकांनाही कळवा, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात.

ॲबीसारख्या ठिकाणच्या कॅरलच्या उपासना मोफत असल्या तरी नाव आधी नोंदवून प्रवेशपत्र घ्यावं लागतं आणि ती लवकर संपतात. क्रॉयडनचं मिन्स्टर, म्हणजे तिथलं मुख्य चर्च, मात्र तुमच्या अंगणातलं आहे आणि तिथेही गायनाची चांगली परंपरा आहे. ट्रॅफल्गर चौकात नॉर्वेतल्या ऑस्लो शहराने पाठवलेलं मोठं झाड उभं असतं, १९४७ पासून दरवर्षी येतं. त्याच्याखाली संध्याकाळी वेगवेगळे गट कॅरल गातात आणि धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करतात. थंडी सोसत असेल तर तेही ऐका.

नातीसाठी ‘क्रिस्टिंगल’ नावाची उपासना शोधा, बऱ्याच ठिकाणी ती २४ च्या दुपारी असते. प्रत्येक मुलाच्या हातात एक संत्रं देतात. संत्रं म्हणजे पृथ्वी. त्याला लाल फीत, चार काड्यांवर टोचलेला सुका मेवा किंवा गोळ्या, आणि मधोमध पेटती मेणबत्ती. जर्मनीतल्या मोरेव्हियन पंथीयांनी १७४७ साली मुलांसाठी सुरू केलेली ही पद्धत इंग्लंडभर पसरली ती १९६८ नंतर. गाणी सोपी असतात, मुलांनी गडबड केली तरी कुणी वळून बघत नाही. सहा वर्षांच्या मुलीला पाऊण तास इव्हनसाँगला गप्प बसवण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. तिचे केस तेवढे घट्ट बांधा, मेणबत्ती खरी असते.

२४ च्या रात्रीची मध्यरात्रीची उपासना घरापासून पायी जाता येईल अशाच चर्चमध्ये ऐका. २५ तारखेला लंडनमध्ये ना भुयारी रेल्वे, ना बस, ना लोकल. सगळं बंद. परत कसं यायचं याचा विचार जाण्याआधी करा. त्या रात्री ‘ओ कम, ऑल ये फेथफुल’ हे गीत लागलं तर शेवटच्या कडव्याकडे लक्ष द्या. ‘या आनंदी प्रभाती जन्मलेल्या तुला’ असं म्हणणारं ते कडवं एरवी गाळतात आणि जन्माची घटिका आली की म्हणतात. त्याच्या आधीच्या कडव्यात बहुधा सगळी सभा मूळ चाल गात असते आणि उंच आवाजाची मुलं तिच्या वरून वेगळीच चाल नेतात. तुम्हीही गा. पुस्तिकेत शब्द असतात आणि पाहुण्याने गाण्यात सूर मिळवलेला त्यांना आवडतो.

बाकीची रीत थोडक्यात. बूट काढायचे नाहीत. पुरुषांनी टोपी काढायची. कोट अंगावर राहू द्या, दगडी इमारती आतून गार असतात. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं. गुडघे टेकणं तुमच्यावर बंधनकारक नाही, डोकं लववून बसलात तरी चालतं. मध्येच उठून जाऊ नये आणि गाणं कितीही आवडलं तरी टाळ्या नाहीत. उपासना संपून गायक रांगेने गेल्यावर ऑर्गन वाजतो. पुष्कळ लोक तेव्हा कोट चढवून निघतात. तुम्ही बसून राहा. संध्याकाळचं सगळ्यांत भरदार वादन कधी कधी तेच असतं.

आणि दारातल्या पेटीत काहीतरी टाका. पाच पौंड टाका, दहा टाका, जमेल ते. ही मुलं शाळेच्या आधी रोज सकाळी तालीम करतात. त्यांच्या शाळा, ऑर्गनवादक, मोठे गायक, ऑर्गनची देखभाल यावर त्या संस्था फार मोठा खर्च करतात. मुलींना या परंपरेत ठळकपणे जागा मिळायला १९९१ उजाडलं. त्या वर्षी सॉल्झबरी कॅथीड्रलने मुलींचा वेगळा गायकवृंद उभा केला, मग बाकीच्यांनी. हे सगळं चालू ठेवून दरवाजा सर्वांना उघडा ठेवणं सोपं नाही, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

प्रश्न : नमस्कार. कंपनीच्या कामासाठी डिसेंबरअखेर व्हिएन्नात असेन, दोन दिवस साल्झबुर्गलाही. मित्र सांगतो की रस्त्यावर जुन्या काळचे पोशाख आणि केसांचे टोप घातलेले लोक चर्चमधल्या मैफलींची तिकिटं विकतात. ती घ्यावीत का? — एक वाचक, पुणे

उत्तर : घ्यायची गरज नाही. चर्चच्या दारावरचा कागद वाचायला शिका. ‘कॉन्झेर्ट’ लिहिलं असेल तर ते तिकिटाचं. ‘मेस्से’, ‘होख-आम्ट’ किंवा ‘फेस्पर’ असेल तर ती उपासना, कुणीही बसावं. ‘आइनट्रिट फ्राय’ म्हणजे प्रवेश मोफत, मग शेवटी थाळी किंवा पेटी येते.

व्हिएन्नात रविवारी सकाळी ११ वाजता ऑगस्टिनरकिर्शे या चर्चमध्ये जा. मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, आणि तिच्यासाठी रचलेल्या संगीतालाही तेच नाव. हायडन, मोझार्ट, शूबर्ट यांच्या मिस्सा तिथे पूर्ण वाद्यवृंदासह गायल्या जातात आणि त्या खऱ्या मिस्सेत, म्हणजे ज्या कामासाठी त्या लिहिल्या गेल्या त्याच जागी. ब्रुकनर या रचनाकाराची एफ मायनरमधली मिस्सा १८७२ साली पहिल्यांदा याच चर्चमध्ये झाली. ध्वनिमुद्रणात हे संगीत सलग वाजतं. इथे एक भाग गाऊन झाला की धर्मगुरूंचं वाचन, मग शांतता, मग पुढचा भाग. सुरुवातीला तो खंड खटकतो. दहा मिनिटांनी लक्षात येतं की रचनाकाराने तो गृहीत धरूनच लिहिलंय. अर्धा तास आधी जा, नाहीतर खांबामागची जागा मिळेल.

साल्झबुर्गहून लोकल गाडीने ओबर्नडॉर्फ जवळ आहे. ‘स्टिले नाख्ट’, म्हणजेच ‘सायलेंट नाइट’, १८१८ च्या नाताळाच्या आदल्या रात्री तिथे पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द योझेफ मोर या तरुण धर्मगुरूंचे, चाल शाळामास्तर फ्रान्झ क्साव्हर ग्रूबर यांची, साथ गिटारची. ते मूळ चर्च पुरांमुळे पाडावं लागलं, तिथे आता छोटं स्मृतिमंदिर आहे. २४ ला तिथे खूप गर्दी होते. आत शिरण्याचा हट्ट न धरता बाहेर अंगणात उभे राहिलात तरी गाणं ऐकता येतं. ऑस्ट्रिया-जर्मनीत त्या संध्याकाळी गावोगाव मनोऱ्यांवरून पितळी वाद्यंही वाजवतात. २४ च्या दुपारनंतर दुकानं बंद होतात आणि २५, २६ दोन्ही सुट्या, तेव्हा खाण्याचं आधी आणून ठेवा.

जर्मनीत लाइपझिगला जाणं झालं तर थोमासकिर्शे चुकवू नका. बाख १७२३ पासून १७५० साली मृत्यू येईपर्यंत तिथले संगीतप्रमुख होते. १२१२ साली सुरू झालेला मुलांचा गायकवृंद आजही तिथे शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी गातो. पूर्ण मोफत नाही, दारात काही युरो देऊन कार्यक्रमपत्रिका घ्यावी लागते. एवढ्या पैशात असं गाणं मला दुसरीकडे ऐकायला मिळालेलं नाही. सुटीत मुलं नसतात, आधी पाहून घ्या.

प्रश्न : चर्चमध्ये रांगेने पुढे जाऊन प्रसाद घेतात, तो आपण घ्यावा का? नाकारलं तर अपमान होईल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घेऊ नये. ती भाकर त्यांच्यासाठी ख्रिस्ताचं शरीर आहे, दीक्षा घेतलेल्यांनीच ती घ्यायची असते. आपण आपल्या जागी शांत बसून राहायचं, शेजाऱ्यांना जायला वाट द्यायची. यात कुणाचाच अपमान नाही. इंग्लंडमध्ये पुढे जाऊन दोन्ही हात छातीवर आडवे ठेवले की धर्मगुरू नुसता आशीर्वाद देतात. इव्हनसाँगमध्ये हा विधी नसतोच.

प्रश्न : परदेशी जाणं आम्हाला शक्य नाही. आईला गाण्याची आवड आहे. डोंबिवलीहून जवळपास किंवा गोव्यात असं काही ऐकायला मिळेल का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या सर्वांत जवळ वसई आहे, आणि तिथे तुमच्या आईंना शब्द न शब्द कळेल. नंदाखाल, निर्मळ, पापडी या गावांतली मिस्सा मराठीत होते. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणारा हा समाज चर्चमध्ये मराठी गातो. १९६० च्या दशकात रोमच्या धर्मसभेने लोकभाषेत उपासना करायला मोकळीक दिली, त्यानंतर नवी मराठी गीतं भराभर रचली गेली. तुम्हाला तिथे पेटी-तबला ऐकू येईल, की-बोर्डही ऐकू येईल. व्हिएन्नाच्या तोडीचा वाद्यवृंद नसेल, पण सगळं गाव एका आवाजात गातं ते ऐकण्यासारखं असतं.

प्रोटेस्टंट चर्चमधली मराठी गाणी आणखी जुनी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तभक्ती अभंग-ओव्यांच्या वळणावर मराठीत आणली. त्यांची पदं नगर, पुणे, मुंबईच्या मराठी मंडळ्यांत आजही म्हणतात. नगरच्या ह्यूम मेमोरियल चर्चकडे पिढ्यान्‌पिढ्यांची ही परंपरा आहे. आईंना भजनाची आवड असेल तर त्या पहिल्याच पदाला टाळी धरतील. इथे ती चालते.

गोव्याची गोष्ट वेगळी. पोर्तुगीज काळापासून तिथल्या चर्चच्या शाळांनी गावातल्या मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं. मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोव्याचे इतके वादक आले ते या शाळांतून. माजोर्ड्याचे ॲन्थनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. वडील गावच्या चर्चचे क्वायरमास्टर, म्हणजे गायकवृंदाचे प्रमुख, आणि पुढे मुंबईत प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. ते संगीत जिथून आलं तिथे जाऊन ऐकायचं तर २४ च्या रात्री समुद्रकाठची गर्दी सोडून आतल्या एखाद्या गावात कोंकणी मिस्सेला बसा. बऱ्याच ठिकाणी ती अंगणात, उघड्यावर होते, खुर्च्या मांडलेल्या असतात. सुटी तेव्हा मिळत नसेल तर ६ जानेवारीच्या सुमारास जा. रेइश मागुश, चांदर आणि कासावली भागात बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचं फेस्त, म्हणजे उत्सव, असतो, राजांचा वेश केलेले मुलगे मिरवणुकीने येतात. डिसेंबरपेक्षा खोल्याही स्वस्त मिळतात.

मुंबईत आणि आसपास ‘मध्यरात्रीची’ मिस्सा आता पुष्कळ ठिकाणी रात्री लवकरच आटोपते, ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे. म्हणून आधी त्या चर्चच्या कार्यालयात फोन करून वेळ विचारा, आईंसाठी कडेची खुर्ची मिळेल का तेही विचारा, आणि वसई स्टेशनपर्यंत परत आणून सोडणारी रिक्षा जातानाच ठरवून ठेवा.